जुन्या ट्रकची स्टेनलेस पट्टी: आधी सरळ, मग चकचकीत

चोपड्याकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. आजोबांनी घेतलेला १९५१ सालचा शेवरलेट ३१०० पिकअप जिनिंगच्या शेडमध्ये कित्येक वर्षं उभा होता. इंजिन आता चालू झालंय, पत्र्याचं कामही उरकलंय. राहिल्या आहेत त्या पुढच्या काचेभोवतीच्या आणि दारांच्या काचांभोवतीच्या चकचकीत पट्ट्या. काही वाकल्यात, काहींना पोचे आहेत. डाव्या दाराची एक पट्टी आणि पुढच्या काचेवरची मधली छोटी जोडपट्टी सापडतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, एकतर सगळ्यांवर क्रोम मारून घ्या, नाहीतर स्टीलच्या दुकानातून पत्रा आणा, नव्या पट्ट्या वळवून देतो. काय करावं?

भाऊ, यातलं काहीच करू नका. निदान आत्ता तरी नको. गेली तीसेक वर्षं धुळ्यात मी पत्र्याचं आणि पॉलिशचं काम करतोय. या काळात जुन्या गाड्यांच्या जेवढ्या पट्ट्या वाया गेलेल्या पाहिल्या, त्यातल्या बहुतेक गंजाने गेल्या नव्हत्या, घाईने गेल्या होत्या. स्टेनलेसची पट्टी सत्तर वर्षं शेणामातीत पडली तरी परत येते. चुकीच्या हाताने दहा मिनिटं बफच्या (पॉलिशच्या) चाकावर धरली तर मात्र ती परत येत नाही.

क्रोमचं आधी सांगतो. आपल्याकडे चकचकीत दिसेल त्याला सरसकट ‘निकल’ म्हणतात. “हाई निकल शे, उडी गयं, भंगारमा टाक,” असं म्हणून चांगल्या पट्ट्या भंगारात गेल्या. पण तुमच्या पट्ट्यांवर कसलाही थर नाही, त्या आरपार एकाच धातूच्या आहेत. क्रोमचा थर उडाला की खालचं लोखंड उघडं पडतं. स्टेनलेस घासलं तर खाली पुन्हा स्टेनलेसच असतं. पोलादात क्रोमियम असल्याने त्याच्यावर हवेतच एक अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो आणि तोच गंज रोखतो. ओरखडा पडला की तिथे तो पुन्हा आपोआप धरतो. याच पापुद्र्यामुळे स्टेनलेसवर क्रोम नीट चिकटत नाही. त्यासाठी आधी आम्लातल्या निकेलचा वेगळा हात द्यावा लागतो. तो न देता मारलेलं क्रोम काही दिवसांनी कांद्याच्या पातीसारखं सुटतं. पैसे जातात, वर पट्टी खराब होते.

तेव्हा आधी कोणता भाग कशाचा आहे ते ओळखा. लोहचुंबक लावून बघतात, पण त्यावर पूर्ण विसंबून राहू नका. गाड्यांच्या पट्ट्यांना वापरलेलं बरंचसं स्टेनलेस सुमारे १७ टक्के क्रोमियमचं आणि जवळजवळ बिननिकेलचं असतं. त्याला चुंबक चिकटतं. आपल्या घरातल्या चांगल्या ताटांचं स्टेनलेस १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं. त्याला चुंबक चिकटत नाही, फार तर घडीवर किंचित ओढ लागते. म्हणजे चुंबक चिकटलं म्हणून ‘हे लोखंड’ असा निकाल देऊ नका. पट्टी उलटी करा आणि पाठ बघा. पाठ करडी, स्वच्छ आणि पुढच्याच धातूची दिसली तर स्टेनलेस. पिवळसर दिसली तर पितळेवरचं क्रोम. तांबडा गंज धातूतूनच वर आलेला असेल तर साधा पत्रा. वजनाला जड, जाडसर आणि वर पांढुरक्या पुटकुळ्या असतील तर जस्ताच्या मिश्रधातूचं ओतीव काम. तुमच्या बॉनेटच्या बाजूला जी शेवरलेटची अक्षरं आहेत ती याच ओतीव कामाची आहेत. त्यांना कानस लावू नका, त्यांचं काम पूर्ण वेगळं आहे.

एक फसवा प्रकार आहे. पट्टीवर ठरावीक अंतरावर गंजाचे डाग दिसतात आणि माणूस म्हणतो पट्टी गंजली. तो गंज बहुतेक वेळा मागच्या लोखंडी क्लिपांचा असतो, पाण्याबरोबर ओघळून पुढे आलेला. लिंबू आणि मऊ फडकं, नाहीतर ऑक्झॅलिक आम्लाचं सौम्य पाणी लावलं की खाली स्वच्छ धातू निघतो. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. फरशी किंवा संडास धुवायचं ॲसिड मात्र कधीच लावू नका. त्यातलं मिठाचं आम्ल स्टेनलेसचा पापुद्राच खातं आणि बारीक छिद्रं पाडतं. ती छिद्रं मग पॉलिशने जात नाहीत. लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे कण पट्टीत रुततात आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच तांबूस ठिपके उठतात.

आता शोधाकडे येतो. आधी खात्री करा की तुमच्या गाडीला मुळात किती पट्ट्या होत्या. या पिढीचे शेवरलेट पिकअप १९४७ पासून १९५५ च्या सुरुवातीपर्यंत निघाले. साधी कॅब आणि डिलक्स कॅब असे दोन प्रकार होते. मागच्या कोपऱ्यांत वळणदार काचा असलेली कॅब डिलक्सची, आणि काचांभोवतीचं स्टेनलेस तिच्यासोबत येई. साध्या कॅबच्या रबराला पट्टीची खाचच नसते. त्यात कोरियाचं युद्ध. १९५० ते १९५३ च्या त्या काळात अमेरिकेत निकेल-क्रोमियमच्या वापरावर निर्बंध आले आणि कित्येक गाड्यांवर चकचकीत भागांऐवजी रंगवलेले भाग बसले. तुमची गाडी नेमकी त्याच काळातली आहे. म्हणून जुनं रबर फेकायच्या आधी त्यात खाच आहे का ते बघा, दाराच्या चौकटीवर क्लिपांची भोकं किंवा खुणा आहेत का ते तपासा. खूण नसेल तर ती पट्टी हरवलेली नाही, ती कधी नव्हतीच. जे नव्हतं ते शोधण्यात लोकांची दोन-दोन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

खूण असेल तर पहिला शोध घरातच घ्या. हे मी उगाच सांगत नाही. आपल्याकडे गाडी रंगवायला काढली की रंगारी पट्ट्या उतरवून मालकाच्या हातात देई, “नंतर लावू” म्हणून. ते ‘नंतर’ कधी आलंच नाही. मालकाने मग त्या कुठे ठेवल्या? सीटच्या मागे, माळ्यावर, कणगीच्या आड, जिनिंगच्या स्टोअरमध्ये पट्टे-पुलीच्या ढिगात. एका ट्रकच्या बॉनेटची पट्टी मला अमळनेरजवळ गोठ्याच्या दाराला उंबऱ्यावर ठोकलेली सापडली. गुरांच्या खुरांनी ती घासून आरशासारखी झाली होती. दुसरी एक देवघरात पडद्याची दांडी म्हणून लागलेली होती. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि ‘ट्रकची पट्टी’ असं विचारू नका. “चकाकणारी लांब पट्टी कधी पाहिली का?” असं विचारा. ज्या शेडमध्ये गाडी उभी होती तिथली माती चाकांच्या जागी वीतभर खणून चाळा. जोडपट्टीसारखा बोटाएवढा तुकडा सहसा गाडीखालीच पडलेला असतो.

घरात नाही मिळालं तर आपल्या भागाचा एक फायदा आहे. मुंबई-आग्रा रस्ता आणि सुरत-नागपूर रस्ता धुळ्यात एकमेकांना छेदतात, म्हणून इथे ट्रकची गॅरेजं आणि भंगाराची दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. जुन्या भंगारवाल्यांकडे माल नसला तरी माहिती असते, कोणती गाडी कोणत्या गावात कापली गेली याची. जनरल मोटर्सने १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईत शिवडीला गाड्या जुळवल्या, त्यामुळे शेवरलेटचे सुटे भाग मुंबईच्या बाजूला जास्त निघतात. कुर्ल्याची भंगार बाजारपेठ आणि चोर बाजार दोन्हीकडे जाऊन या, पण हात हलवत जाऊ नका. उजव्या दाराची पट्टी तुमच्याकडे आहे. ती जाड पुठ्ठ्यावर ठेवून बारीक पेन्सिलने छाप काढा, क्लिपांची जागा खुणा करून मिलिमीटरमध्ये लिहा, कडेच्या मुडपाची रुंदी आणि खोली लिहा. डावी पट्टी उजवीची आरशातली प्रतिमा असते, म्हणून पुठ्ठा उलटा करून बाजारात पट्टीवर धरायचा. नजरेने ‘हीच आहे’ वाटलेली पट्टी घरी आल्यावर दोन सूत (पाव इंच) लांब निघते, हा माझा अनुभव आहे.

ज्यांच्याकडे डॉज किंवा फार्गो आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ही दोन्ही क्रायस्लरचीच नावं. नावाची पाटी आणि काही दर्शनी भाग सोडले तर गाडी तीच. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्याने क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या. तेव्हा फार्गोची पट्टी शोधताना डॉजची नाकारू नका, छाप लावून बघा.

अमेरिकेत शेवरलेटच्या या पट्ट्या नव्याने बनवून विकतात. मी त्या बसवल्या आहेत. काही चांगल्या बसल्या, काहींचं कोपऱ्यावरचं वळण जुळवायला अर्धा दिवस गेला. मूळ पट्टी हातात असताना तिच्या जागी नवी लावावी असं मला एकदाही वाटलं नाही. हरवलेल्या जोडपट्टीसाठी मात्र नवीचा मार्ग जरूर घ्या. छोटा तुकडा आहे, डाकेने नीट येतो. लांब पट्टी मागवायची झाली तर विकणाऱ्याला सांगा की पीव्हीसी पाइपात घालून पाठव. पुठ्ठ्याच्या खोक्यात आलेली लांब पट्टी मला आजवर सरळ मिळालेली नाही.

गॅरेजवाल्याची ‘वळवून देतो’ ही गोष्ट अर्धी खरी आहे. सरळ, सपाट पट्टी पत्रा वळवायच्या मशीनवर होते. पण दाराच्या वरच्या कोपऱ्यात पट्टी एकाच वेळी दोन दिशांनी वळते आणि तिची कड आत मुडपलेली असते. ते वळण लाकडाच्या साच्यावर हळूहळू बसवावं लागतं. एका डाव्या पट्टीसाठी साचा करणं परवडत नाही. सहा महिने शोधूनही मिळाली नाही तर बघू. तेव्हाही उरलेल्या पट्टीला चुंबक लावून त्याच जातीचा पत्रा घ्या. दोन जातींचं स्टेनलेस शेजारी लावलं की उन्हात रंगछटेचा फरक कळतो.

पट्ट्या काढायच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. पट्टी ओढू नका, रबर कापा. सत्तर वर्षांचं रबर तसंही टाकायचंच आहे. धारदार चाकूने खाचेलगत कापत गेलात की पट्टी हातात येते. दाराच्या पट्ट्यांना मागून नट किंवा क्लिपा असतात. स्क्रू-ड्रायव्हरने समोरून उचकटलं तर कडेला जे चिमटे बसतात ते काढायला पोच्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. प्रत्येक पट्टीच्या पाठीवर मार्करने जागा लिहा आणि तिला लाकडी फळीवर सुतळीने बांधून ठेवा.

आता खरं काम, पोचे काढणं. लोक चकाकीच्या मागे लागतात. पण लांबून पाहणाऱ्याला चकाकी दिसत नाही, त्याला रेषा दिसते. आरसा वाकडा असला तर तो जितका स्वच्छ तितका वाकडेपणा जास्त दिसतो. माझ्याकडे पट्टी आली की तिच्या एकूण वेळेतले तीन हिस्से सरळ करण्यात जातात.

आधी लांबीचा वाक काढा. पट्टी जमिनीवर ठेवून सपाट करू नका, कारण मुळात ती सपाट नाहीच. गाडीची चौकट हाच तिचा साचा. चौकटीवर धरा, कुठे फट पडते ते बघा, गुडघ्यावर किंवा लाकडाच्या गोल ओंडक्यावर दोन्ही अंगठ्यांनी थोडं थोडं दाबत आणा. मग पोचे. दगड लागून पोचा पडला की तिथला पत्रा नुसता आत जात नाही, ताणलाही जातो. मागून मधोमध एक जोरदार ठोका दिला तर तो ताण तसाच बाहेर येतो आणि खड्ड्याच्या जागी टेंगूळ होतं. म्हणून पोच्याच्या कडेपासून सुरुवात करायची आणि गोल गोल आत यायचं. ठोके बारीक आणि खूप. पुढच्या बाजूखाली बाभळीचा किंवा चिंचेचा गुळगुळीत ठोकळा, बारीक जागी शिशाचा ठोकळा. मागून मारायला गोल तोंडाचा पंच. मी जुन्या इंजिनच्या व्हॉल्व्हच्या दांड्यांचे पंच केले आहेत, वेगवेगळ्या गोलाईचे. पंचाचं तोंड आधी आरशासारखं पॉलिश करून घ्या, कारण त्याच्यावरचा प्रत्येक ओरखडा पट्टीवर उमटतो. स्टेनलेस ठोकत गेलं की कडक होत जातं, हेही लक्षात ठेवा. एकाच जागी शंभर ठोके मारून पुन्हा शंभर मारायची वेळ आली तर तिथे तडा जाईल.

पोचा हाताला निघाल्यासारखा वाटला तरी निघालेला नसतो. इथे कानस लागते, पण कापायला नाही, वाचायला. बारीक दात्याची सपाट कानस वजन न देता पट्टीवरून एकदा फिरवायची. जिथे चमक येते तो उंचवटा, जिथे काळपट राहतं तो खड्डा. आधी काळ्या मार्करने पट्टी रंगवून घेतली तर नव्या माणसालाही स्पष्ट दिसतं. खड्डा मागून उचलायचा, उंचवटा पुढून अलगद बसवायचा, पुन्हा कानस. असं दहा-बारा वेळा करावं लागतं. उंचवटा कानसने कापून टाकायचा मोह होतो. करू नका. पत्रा अर्धा-पाऊण मिलिमीटरचा आहे, दोनदा कापलात की बोट दाबल्यावर पट्टी डब्यासारखी टकटक करते.

तडा असेल तर आर्गॉनच्या वेल्डिंगने बारीक टाका मारता येतो, मागे तांब्याची पट्टी लावून, कमीत कमी करंटवर. पातळ पत्र्यावर रोज हात चालणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. ग्रिल-गेटचं वेल्डिंग करणारा कितीही चांगला असला तरी हे काम त्याचं नाही.

सरळ झाल्यावर पॉलिश पेपर. कानसच्या खुणा असतील तिथेच २२० नंबर, मग ३२०, ४००, ६००, शेवटी ८०० किंवा १००० पाण्यासोबत. पेपर बोटावर धरू नका, रबराच्या किंवा लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळा, नाहीतर बोटांच्या लाटा उमटतात. प्रत्येक नंबरला दिशा थोडी तिरकी बदला. आधीच्या नंबरची शेवटची रेघ गेल्याशिवाय पुढचा नंबर घ्यायचा नाही. राहिलेली एक २२० ची रेघ बफवर अजून ठळक होते आणि मग सगळं मागे फिरवावं लागतं.

बफिंगसाठी आधी सिसलचं (घायपातीसारख्या कडक तंतूंचं) चाक आणि कापणारा साबण, म्हणजे चाकाला लावायची पॉलिशची वडी, नंतर सुती चाक आणि हिरवा साबण. दोन चाकांचे साबण एकमेकांना लागू देऊ नका. ८ इंची चाक मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या मोटरवर पुरेसं आहे, त्याची कड मिनिटाला सुमारे १८०० मीटर धावते. म्हणूनच काळजी. पट्टी चाकाच्या मध्याच्या खाली धरा. चाक पट्टीच्या कडेवरून बाहेर सुटलं पाहिजे, कडेत शिरता कामा नये. एकदा माझ्याकडून उलटं झालं. चाकाने टोक पकडलं, पट्टी हातातून ओढून भिंतीवर मारली, आणि ती इंग्रजी यू अक्षरासारखी दुमडली. माझा हात वाचला, पट्टी गेली. तेव्हापासून लांब पट्टी फळीला बांधल्याशिवाय मी चाकाजवळ नेत नाही. चष्मा आणि नाकाला चांगला मास्क हवाच, पट्टीची धूळ फुप्फुसात जाऊ देण्यासारखी नाही. आणि ज्या चाकावर स्टेनलेस केलं त्यावर ॲल्युमिनियम करू नका. ॲल्युमिनियमची धूळ ठिणगीने पेट घेते.

जळगाव-धुळ्यात भांड्यांना पॉलिश करणारे कुशल कारागीर आहेत. त्यांच्याकडे काम जरूर द्या, पण शेवटच्या हाताचं आणि शेजारी उभं राहून. ताटाला पॉलिश करताना दाब देऊन सगळं गोलसर करायचं असतं. पट्टीला मधोमध जी बारीक धार असते, कडेला जी कोरीव घडी असते, ती राखायची असते. नव्वदच्या दशकात एका फार्गोच्या बॉनेटची पट्टी मी स्वतः जास्त वेळ चाकावर धरली होती. ती इतकी चकाकली की मालक खूश झाला. पण मधली धार गेली होती. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या शेजारी ठेवल्यावर मला ते दिसलं, आणि आजही ती गाडी रस्त्यात भेटली की माझी नजर आधी तिथेच जाते.

बसवताना पट्टीच्या पाठीला आणि क्लिपांना पातळ मेण किंवा लॅनोलिन (लोकरीतलं मेण) लावा. क्लिप जिथे रंगावर टेकते तिथे पातळ प्लॅस्टिकची चकती ठेवा. तिथला रंग खरवडला की गंज पत्र्यात सुरू होतो, पट्टीत नाही, आणि तो आतून कळत नाही. पुढच्या काचेसाठी खाचेचं, डिलक्सचंच रबर मागवा. रबर मे महिन्याच्या उन्हात तासभर ठेवलं की मऊ होतं, खान्देशात त्यासाठी वेगळी सोय लागत नाही. काच आणि पट्टी आधी रबरात बसवा, मग चौकटीची कड जिथे बसते त्या रबराच्या खोबणीत दोरी घालून साबणाच्या पाण्यावर सगळं एकदम चौकटीत ओढून घ्या. दोन माणसं बाहेरून तळव्याने दाबायला, एक आतून दोरी ओढायला. बाहेरून दाबणाऱ्यांच्या हातात अंगठी नको.

भाऊ, रबराची ऑर्डर देण्याआधी जुन्या रबराचा वीतभर तुकडा आडवा कापून त्याची खाच मोजा आणि उजव्या दाराच्या पट्टीचा पुठ्ठ्यावरचा छाप तयार ठेवा. धुळ्याला येणं झालं तर पट्ट्या फळीला बांधूनच आणा. पहिला पोचा तुमच्याच हाताने काढू, बाकीचे तुम्ही घरी काढाल.